झिपरूआबांची घागर

आमच्या चाळीतल्या खोलीचं दार वाऱ्यानं सारखं आपटायचं, म्हणून त्याला लोखंडाचा एक ठोकळा टेकवलेला असे. हातभर लांब, पाठीला गोल, पोटाला सपाट, आणि अंगावर वाळूचे कण असे रुतलेले की पाय घासला तर खरचटायचं. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावच्या एका पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. तिथे असे ठोकळे ट्रक भरभरून यायचे. त्यातला एक अर्धा तुटलेला त्यांनी साहेबांना विचारून घरी आणला होता. सगळे त्याला पिग म्हणत. माय अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची, तेव्हा खालचं लुगडं उडू नये म्हणून कोपऱ्यावर पिगचा दाब ठेवायची आणि काम झालं की तो देवाच्या कोनाड्याखाली सरकवून द्यायची. एकदा झिपरूआबांनी हसत हसत सांगितलं, की इंग्रजीत पिग म्हणजे डुक्कर. मायनं कपाळाला हात लावला. "बाई वं! इतला दिन मी देवना खाले डुक्कर ठेवेल व्हतं का?" असं म्हणत तिनं तो ठोकळा पायानं ढकलत ढकलत दाराशी नेला, आणि मग तो दाराचाच झाला.

आज तो माझ्या मुलाच्या घरी दाराशी आहे. सुनेनं त्याला सोनेरी रंग दिला. छान दिसतो. दुपारी ती दुकानात गेली की मी त्याच्या जवळच, उंबऱ्यात उजेडाला बसून हे लिहिते. माझी शाळा चौथीत सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी हवं होतं म्हणून. तेव्हा अक्षर वेडंवाकडं आहे, आणि कुणाला वाचायला द्यायचं नाही म्हणून त्याची काळजीही नाही.

झिपरूआबा नानांचे भट्टीवरचे सोबती. मूळचे धुळ्याकडचे. बायको तरुणपणीच गेली, पोरबाळ नाही. चाळीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायचे. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी शेवेची भाजी. जे असेल ते ताटात पडलं की आधी ताटाला नमस्कार करायचे. तरुणपणी ते पूर्वेकडे कुठेतरी लांब, लोखंडाच्या फार मोठ्या कारखान्यात राहून आले होते. आमच्या नानांनी पिग वितळताना पाहिला होता, पण पिग जन्माला येताना आबांनी पाहिला होता. जेवण झालं की भिंतीला टेकून ते सांगायचे. मी काही विचारत नसे. घरच्या माणसांपुढेसुद्धा माझं तोंड उघडत नसे. पण मी भांडी घासायची थांबले की आबांना कळायचं, पोर ऐकते आहे.

"डोंगर खनीसन लाल दगड काढतस," ते म्हणायचे. "दगड म्हंजे काय, लोखंडच शे, पन बठ्ठा गंजी जायेल. मंग भट्टीना तोंडमा दगडना थर, कोळसाना थर, चुनाना थर. आनि भट्टी कितली उंच? आपला गावना देऊळवर आखो दोन देऊळ ठेव. खालथून गरम वारा. एकदाव पेटाडी की वरीसनं वरीस इझाडतस नही. कोळसा गंज चाटी लेस, चुना मळ ली लेस, आनि तळले जे ऱ्हास ते लोखंड."

मग ते बोटानं जमिनीवर काढून दाखवायचे. भट्टीच्या बुडाशी मातीचं बूच असतं. ते फोडलं की पातळ लोखंड वाळूत केलेल्या मोठ्या पाटातून धावत सुटतं, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना लहान लहान खाचा असतात त्यांत भरत जातं. "डुकरीन आडवी पडेल ऱ्हास आनि पिल्लं दूध पेतस, तसंच दखास. म्हनीसन पिग." हे सांगताना ते दर वेळी मायकडे चोरून बघायचे, आणि माय दर वेळी म्हणायची, "जेवानवर तरी त्यानं नाव नका काढा, आबा."

हा पिग दिसायला दांडगा, पण वरून घण घातला की वाकत नाही, तुटतो. आबा म्हणायचे, तो पोटभर कोळसा पिऊन बसलेला असतो. त्याच्या पोटातला तो कोळसा उतरवणं, हे नानांचं काम. आमच्या कारखान्यात विजेची भट्टी होती. मोडीचं लोखंड, पिग आणि चुना आत घालून वरून मांडीएवढे जाड काळे दांडे खाली सोडत. ते टेकले की अशी गर्जना उठायची की कारखान्याजवळच्या आमच्या चाळीत दोघी शेजारणी बोलत असल्या तर थांबायच्या, आणि आमच्या घरातला दिवा बारीक व्हायचा. दिवा बारीक झाला की माय म्हणायची, "लागनी भट्टी." आत सगळं पाणी झालं की नाना त्यात गंजलेल्या लोखंडाचा कीस, लाल दगडाचे तुकडे फेकत. मग ते पोलाद उकळायचं. गुळाच्या पाकाला येतात तसे बुडबुडे, आणि प्रत्येक बुडबुड्यावर ज्योत. तीच कोळशाची जळून जाण्याची ज्योत. नाना निळ्या काचेतून बघत राहत. मध्येच लांब दांड्याच्या पळीत थोडं काढून ओतत, गार झालं की फोडून त्याची कणी बघत. कोळसा कमी उतरला तर ठिसूळ, जास्त उतरला तर मऊ. माय म्हणायची, "आमना पाकना एक तार, दोन तारसारखंच म्हना ना." नाना म्हणायचे, "तसंच. पन आमना पाक जीभवर ठेवता येत नही."

भट्टीवर नानांचा एकच कडक नियम होता. पाणी आत आणायचं नाही. मी दुपारी डबा घेऊन जायची, तर ताकाचा गडूसुद्धा गेटवर ठेवावा लागे. कुणी आत थुंकलं तरी नाना त्याच्यावर धावून जात. पातळ पोलादाच्या वर पाण्याचा थेंब पडला तर वाफ होऊन उडून जातो, पण पाणी जर खाली सापडलं आणि वरून पोलाद पडलं, तर त्या वाफेला जायला जागा नसते. ती सगळं उचलून फेकते. म्हणून साचे आधी जाळावर शेकून कोरडे करायचे, आणि खाली पसरलेल्या वाळूवर नाना रोज तळहात फिरवून बघायचे. तान्ह्या बाळाचं अंग गरम आहे का बघावं, तसा.

आणि याच माणसांना तहान केवढी! गेटवर माठ असे, शेजारी मीठ-गुळाच्या पाण्याची बादली. सगळे येऊन ढसाढसा प्यायचे. आबा सगळ्यांत जास्त. तांब्या उंच धरून, ओठाला न लावता, धार सोडायचे, आणि संध्याकाळी जेवायला आले की घशातला तो गटगट आवाज आमच्या खोलीतही घुमायचा. माय चिडवायची, "आबा, तुमना पोटमा बी भट्टी शे का?" "शे ना वं माय. ती इझाडाले तर येस तुना घर," आबा म्हणायचे.

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. माय आम्हाला घेऊन पाचोऱ्याकडे तिच्या माहेरी गेलेली. नाना पाळीवर. आबांना ताप आला म्हणून ते खोलीवर पडून राहिले, आणि तसेच गेले. सकाळी नाना बघायला गेले तेव्हा उशाशी तांब्या उपडा पडलेला होता आणि कोपऱ्यातला माठ कोरडा ठणठणीत होता. आम्ही परत आलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. नाना कामाला जायचे, जेवायचे, पण मध्येच घास हातात धरून थांबायचे. "पानी मांगेल व्हई त्यानी," म्हणायचे. "कोनले मांगेल व्हई?"  

वर्ष गेलं आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. माहेरवाशिणी येतात, लिंबाला झोके बांधतात, पोरी गौराई मांडून गाणी म्हणतात. बाया उलट्या खापरावर हातभर रुंदीच्या पुरणपोळ्या टाकतात, आणि आंब्याच्या रसाच्या वासानं माशा आणि पाहुणे दोन्ही जमतात. चाळीतसुद्धा पोरींनी कडूलिंबाला झोका बांधला होता. मी झोक्यावर कमी बसायची, दुसऱ्यांना झोके द्यायची. तेच मला बरं वाटायचं. आणि आखाजीचं मुख्य म्हणजे घागर. कोरी मातीची घागर पाण्यानं भरून मांडायची, वर लहानसा गडू, त्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. भर उन्हाळ्यात आपले पितर तान्हेले येतात आणि पाणी पिऊन जातात. दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी बोटभर उतरलेलं असतं. लहानपणी नाना मला उचलून घागरीत डोकवायला लावत आणि म्हणत, "दख, तुना आजा पी गया." मला ते इतकं खरं वाटे, की मी आजोबांच्या ओल्या मिशासुद्धा डोळ्यांपुढे आणायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी माय पुरण वाटत होती. नाना उंबऱ्यात बसले होते.

"यंदा एक घागर झिपरूनी बी भर," ते म्हणाले.

मायचा हात थांबला. "आपला घरमा दुसरा कुळना पितर? बाबा पाठ फिराई लेतीन. पानीले हात लावाव नहीत."

"त्याले कोन शे दुसरं?"

"धुळाकडे भाऊबंद शेतस ना. ते भरतीन."

"कोनी भरस नही. मी इचारेल शे."

"मंग मी काय करू? मना सासूनी मना हातमा दियेल रीत शे. मी मोडू का?" मायचा आवाज चिरकला. ती निष्ठुर नव्हती. इतकी वर्षं तिनं आबांना पहिली भाकरी वाढली होती. पण सासऱ्यांचं पाणी तुटेल, ही भीती तिच्या मनात खरोखर होती, आणि त्या भीतीपुढे तिचं तिलाच काही चालत नव्हतं.  नाना उठून बाजारात गेले आणि नशिराबादच्या कुंभाराकडची एक कोरी घागर घेऊन आले. ती त्यांनी घरात आणली नाही, बाहेरच ठेवली.

आखाजीच्या सकाळी ती घागर त्यांनी माझ्या डोक्यावर दिली. "चाल, इंदू. त्यानं खरं घर तठेच व्हतं."

कारखान्याला सुट्टी होती. गेटवर गुलाबबाबा वॉचमन एकटे बसले होते. नानांनी नळाखाली घागर भरली तेव्हा त्यांनी विचारलं, कुणाची. सांगितल्यावर हसले. "झिपरू जित्ता व्हता तवय मना बठ्ठा माठ रिकामा करे. आते मरीसन बी मनाच नळनं पानी?" पण त्यांनी लगेच टोपी काढून हातात धरली.

आत सगळं शांत होतं. गार भट्टी मी पहिल्यांदाच बघत होते. भट्टीच्या पुढे वाळूचा उथळ खड्डा होता, त्यात साचे उभे करून ठेवत. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात एक जागा होती जिथे आबा काम नसताना टेकायचे. नानांनी तिथे वाळूवर फडक्याची चुंबळ ठेवली, तिच्यावर घागर, वर गडू आणि खरबूज. हात जोडले. "ले रे झिपरू," ते म्हणाले. "पोटभर पी."

पाण्याचा नियम करणाऱ्या माणसानं हे कसं केलं, असं कुणी विचारेल. मीही पुष्कळ विचार केला आहे. भट्टी बंद होती. आणि नानांना ते पाणी वाटतच नव्हतं, ते झिपरूआबांचं पिणं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो. घरी आजोबांच्या घागरीतलं पाणी नेहमीसारखं बोटभर उतरलं होतं. इथली घागर अर्धी झाली होती. नाना वाकून बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले. वर्षभरात त्यांचा चेहरा तसा मी बघितला नव्हता. "दख वं इंदू, दख! कितला तान्हेला व्हता तो!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसत होते. मलाही इतका आनंद झाला की मी स्वतःहून बोलले. म्हणाले, "नाना, आखो आनू का?" मी नळावरून कळशी भरून आणली आणि नानांनी घागर पुन्हा काठोकाठ भरली. नेमकी सुट्टीला जोडून विजेची बंदी आली, म्हणून भट्टी आणखी काही दिवस लागली नाही. आम्ही रोज गेलो. रोज घागर उतरलेली असे, रोज आम्ही भरत असू. घरी येऊन नाना मायला सांगत, "आज बी पी गया," आणि माय मान खाली घालून पोळीची कणीक मळत राहायची.

आता कळतं, की त्या घागरीच्या बुडाला केसाएवढी चीर असावी. तेव्हा आम्हाला कळलं नाही. वैशाखाच्या त्या उन्हात पत्र्याखालची वाळू वरून भाजल्यासारखी कोरडी राहायची.

वीज आली त्या सकाळी नाना पहाटेच गेले. घागर उचलून राहिलेलं पाणी त्यांनी गेटजवळच्या लिंबाच्या मुळाशी ओतलं. गुलाबबाबांनी ते बघितलं. मग नानांनी चुंबळ उचलून टाकली, आणि ऊन चढून पत्रा तापल्यावर घागरीच्या जागी तळहात फिरवला. वाळू कोरडी होती, गरम होती. त्यांनी ती पायानं सारखी केली आणि कामाला लागले.

दुपारी मी डबा घेऊन गेले. कळण्याची भाकरी, भरीत, आणि आंब्याची एक फोड. ओतायची वेळ होती, म्हणून गुलाबबाबांनी मला लिंबाखाली बसवलं. तिथून शेडची उघडी बाजू दिसायची. भट्टीची गर्जना थांबली. भट्टी वाकली आणि पोलाद मोठ्या बादलीत उतरलं. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नसे, मी बोटांच्या फटीतून बघायची. बादली साखळ्यांनी उचलून खड्ड्यावर आणली, साचे एकामागून एक भरू लागले. मग एक साचा बुडातून फुटला. असं कधी कधी व्हायचं. पोलाद खालून वाळूवर पसरतं, त्यावर कोरडी वाळू टाकली की थिजून जातं. ते नानांचंच काम. फावडं घेऊन ते नेहमीच्या चालीनं, घाई न करता, त्या कोपऱ्याकडे गेले. लाल ओघळ आबांच्या जागेकडे चालला होता.

मला आधी उजेड दिसला, आवाज नंतर आला. वरचा पत्रा उचलला गेला आणि खाली पडला. पांढरी वाफ सगळीकडे भरली, आणि तिच्यातून तांबडे गोळे बाहेर येऊन अंगणात पडत राहिले. मी उभी राहिले होते. मला "नाना" म्हणून हाक मारायची होती. तोंड उघडं होतं, पण आत आवाज नव्हता.

वाफ विरळ झाली तेव्हा नाना दिसले. जमिनीवर बसलेले, दोन्ही हात चेहऱ्यावर. वर साखळ्यांना बादली लोंबत होती, अर्धी भरलेली, आणि सगळी माणसं जागच्या जागी थिजली होती. तेव्हा नानाच ओरडले. "ओता रे! थंडं व्हई जाई! ओता!" दोघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं आणि बाकीच्यांनी ओतलं. राहिलेले साचे भरेपर्यंत ओतलं. मी कुणालाही दोष देत नाही. लोंबतं पोलाद हातात धरून उभं राहता येत नाही, खाली कुठे ठेवताही येत नाही. ते ओतावंच लागतं. पण नाना लिंबाखाली पोत्यावर पडलेले, त्यांच्या तोंडावर कुणीतरी ओलं फडकं धरलेलं, आणि आत पोलाद ओतल्याचा तो आवाज चालू, हे मी डबा मांडीशी धरून बघत होते. नाना माझ्यापासून चार हातांवर होते. मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मला कुणी जीपमध्ये घेतलं नाही. घ्यावं असं कुणाच्या लक्षात आलं नाही. सुपरवायझर साहेबांनी तो कोपरा खणायला लावला. वरची वाळू कोरडी होती, खाली हातभर चिखल. साहेब माझ्यासमोर येऊन वाकले.

"पोरी, तू रोज येतेस ना? इथे पाणी कुणी आणलं होतं?"

मी जमिनीकडे बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग गुलाबबाबांकडे वळले. "मुकी आहे का ही?"

"हा साहेब," गुलाबबाबा म्हणाले, "मुकी शे."

त्यांना सगळं माहीत होतं. भट्टीवरच्या माणसांनाही माहीत होतं, त्यांनी जाता येता घागरीला हात जोडले होते. पण कुणी काही बोललं नाही. नळाचं पाणी झिरपलं असेल, असं शेवटी ठरलं.

मी चालत घरी आले. मायला काय सांगायचं, ते वाटभर जुळवत होते आणि शब्द सुटून जात होते. मोडीचं लोखंड टाकल्याचे धडाके चाळीला रोजचेच होते; माय दारात धान्य पाखडत होती. तिनं नेहमीसारखा माझ्या हातातून डबा घेतला आणि तिचा हात खाली गेला. रिकामा डबा घ्यायची तिच्या हाताला सवय होती.

"डबा भरेल कसा?" ती म्हणाली.  तिनं झाकण उघडलं, भाकरी बघितली, माझ्याकडे बघितलं. सूप तिच्या हातून सुटलं आणि ज्वारी पायरीवर पसरली. मग ती पदर खोचत, अनवाणी, रस्त्याकडे पळत सुटली.

नाना वाचले. एक डोळा गेला, दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डॉक्टर मायला समजावून सांगायचे आणि माय "हा, हा" म्हणायची. बाहेर आल्यावर मला विचारायची, काय म्हणाले? मलाही कळलेलं नसायचं. आम्ही दोघी त्या लांब व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायचो. चाळीतल्या बाया भाजी-भाकरी पाठवायच्या. इतकं सगळं झालं, पण नाना कण्हत नसत, रडत नसत. पट्ट्यांखालून त्यांनी पहिलं विचारलं ते, माल चांगला निघाला का. माय म्हणाली, निघाला. तिला काय माहीत?

घरी आणल्यावर बरेच दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. भट्टी लागली की तिची गर्जना ऐकू येई, आणि दिवा बारीक झाल्याचंही त्यांना कळत असावं, कारण त्याच क्षणी ते कूस बदलत. एके दुपारी माय त्यांना वरण-भात भरवत होती. मी भावाला थोपटत होते. नाना एकदम म्हणाले, "त्यानी पेयेलच नव्हतं."

"काय?" माय म्हणाली.

"ते पानी. झिपरूनी पेयेल नव्हतं. वाळूमा गयं बठ्ठं." त्यांनी पुढचा घास हातानं अडवला. "तान्हेलाच ऱ्हायना तो."

डोळ्यांबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. हे मात्र बोलले. माय घास हातात धरून बसून राहिली. बाहेर कुठेतरी पोरं खेळत होती. 

पुढची आखाजी आली. चाळीत खापरं पेटली, झोके बांधले गेले. आमच्याकडे करायला फारसं काही नव्हतं. माय दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या टाकायला जायची. पण त्या सकाळी ती बाजारातून आली तेव्हा तिच्या डोक्यावर एकावर एक दोन घागरी होत्या. तिनं दोन्ही धुतल्या, भरल्या, कोनाड्याखाली मांडल्या. नाना खाटेवर बसले होते. तिनं त्यांचा हात धरून खाली आणला आणि एका घागरीवर ठेवला.

"ही बाबासनी," ती म्हणाली. मग हात दुसऱ्या घागरीवर ठेवला. "ही झिपरूभाऊनी."

नानांचा हात घागरीच्या गळ्यावरच राहिला. "बाबा पाठ फिरावतीन ना?" ते हळूच म्हणाले.

"फिरावतीन तर फिरावू दे. मी समजाडसू त्यासले." मायनं त्यांचा हात आणखी खाली नेला. दुसऱ्या घागरीखाली तिनं घरातली पितळी परात ठेवली होती. "खाले परात शे. एक थेंब बी जमीनले जावाव नही. पानी उतरनं आनि परात कोरडी ऱ्हायनी, तर समजा त्यानीच पिदं."

त्या दिवशी माय पोळ्या टाकायला कुठे गेली नाही. कोरी घागर ती. घटकाभरात तिच्या अंगाला घाम सुटला, थेंब जमून परातीत उतरू लागले. नाना खाटेवर कान देऊन बसलेले. माय आवाज न करता यायची, वाकायची, पदरानं परात पुसायची, घागरीचं बूड पुसायची, आणि दाराशी जाऊन पदर पिळायची. पाणी खाली पिगवर पडायचं. मग पुन्हा यायची. मी भावाला मांडीवर घेऊन बघत होते. एकदा आमची नजर भेटली. तिनं ओठांवर बोट ठेवलं नाही, त्याची गरज नव्हती. मी मुकीच होते. दिवस कलेपर्यंत ती येत राहिली आणि जात राहिली. दारातल्या त्या ठोकळ्यावर तेव्हापासून तांबड्या गंजाचे डाग धरले होते, ते आता सोनेरी रंगाखाली आहेत.

ऊन उतरल्यावर नानांनी विचारलं, "उतरनं का वं पानी?"

"उतरनं. चांगलं वीतभर."

"आनि परात?"

"कोरडी. हात लाई दखा."

नाना खाटेवरून उतरले आणि चाचपडत जमिनीवर बसले. आधी त्यांनी घागरीत बोटं घालून पाणी कुठवर आहे ते बघितलं. मग परातीवर तळहात ठेवला. तान्ह्या बाळाचं अंग बघावं तसा, सावकाश, सगळीकडून फिरवला. कडेनं फिरवला, घागरीच्या बुडाशी नेला, परात जरा उचलून तिच्याखालची जमीनसुद्धा बघितली. किती वेळ तरी बघत होते. मग हात मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"पी गया," ते म्हणाले.

"हा," माय म्हणाली. ती त्यांच्या अगदी जवळ उभी होती. तिचा पदर ओलाचिंब होता, आणि तो नानांना लागू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी पाठीमागे धरला होता.